आतल्या बाजूचा घोडा

होय, मीच बोलतोय. इकडेतिकडे बघू नका. जिन्याखालच्या खोलीचा दरवाजा बोलतोय. आजवर मी नुसता करकरलो, आणि त्या करकरण्यावर तेल सोडण्यापलीकडे कुणी काही केलं नाही. आता तोंड उघडलंच आहे, तर सगळं ऐकूनच जा.

अमेरिकेतल्या पाइनच्या लाकडाला मराठी कुठून आली, असं तुमच्या मनात येईल. मी काही महिने कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला काढले. आधी चारुता नावाच्या नागपूरच्या मुलीच्या टेबलासमोर, मग सुमंतकाकांच्या गराजमध्ये. ही माणसं काम करता करता अखंड बोलतात, आणि मनातलं बोलायचं झालं की मराठीत शिरतात. लाकूड काय, जे मिळेल ते शोषून घेतं. शिवाय ज्या भाषेत मला घासायचं ठरलं, त्याच भाषेत मी माझं गाऱ्हाणं मांडणार. तेवढा हक्क आहे मला.

माझा जन्म उत्तरेकडच्या गवताळ मुलखात झाला, एका शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात. त्याला शंभरावर वर्षं झाली. पण शाळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते आधी पुसून टाका. ज्यांची ही जमीन मुळात होती, त्या इथल्या मूळ लोकांची लेकरं घरांतून उचलून आणून तिथे ठेवली जायची. शाळा म्हणे. आल्या आल्या केस कापायचे, अंगावरचे कपडे जाळायचे, डोक्याला रॉकेल चोळायचं, घोड्याला खरारा करावा तसं ब्रशनं अंग घासायचं, आणि नवं नाव चिकटवायचं. घरच्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघाला की शिक्षा. ‘आम्ही यांना स्वच्छ करतो,’ असं तिथले मोठे साहेब पाहुण्यांना सांगत. मी माझ्या कानांनी ऐकलंय, पाहुण्यांचे कोट माझ्याच शेजारच्या खुंट्यांवर टांगलेले असायचे.

मला बनवलं तेही त्या मुलांनीच. चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा होता. झाडू-बादल्यांच्या खोलीसाठी दार बनव, एवढंच त्याला सांगितलेलं. त्यानं बिचाऱ्यानं मन लावून रंधा मारला, फळ्या अशा जोडल्या की आजही सांध्यात कागद जाणार नाही. बाहेरच्या बाजूला व्हार्निश दिलं, पितळी मूठ बसवली. आतली बाजू कोरीच ठेवली, कारण झाडूंना कसलं आलंय व्हार्निश. मग एके दिवशी एक मास्तर आला आणि त्यानं माझ्या बाहेरून ही जाड लोखंडी कडी ठोकली. झाडू काय पळून जातात? मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या खोलीत धड उभं राहता येत नसे. जिन्याचा उतार डोक्याला लागे. अंधार असा, की डोळे उघडे असले काय आणि मिटलेले असले काय. लेकरू आत आलं की आधी मला ढकले, मग लाथा मारी, मग हाका मारी, आणि दमलं की मलाच टेकून बसे. थोड्या वेळानं ओरखडे सुरू व्हायचे. नखांनी, बटणांनी, पट्ट्याच्या बकलानं, खिशात राहिलेल्या एखाद्या खिळ्यानं. कुणी दिवस मोजायच्या रेघा मारी. कुणी आईचं नाव कोरी. खूण किती उंचीवर आहे, यावरून मला वय कळे. मोठ्यांच्या वर, लहानांच्या खाली. काही तर इतक्या खाली आहेत, की ती काढणाऱ्याचे दुधाचे दातही पडले नसतील.

आणि मी काय केलं? बंद राहिलो. कडी त्यांनी लावली हे खरं, पण लेकरांना आत अडवून धरलं ते मीच. माझा निम्मा राग माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकतो. उरलेला निम्मा कुणावर, ते पुढे कळेल.

आता लायनेलचं सांगतो. सत्तरेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा वर्षांचा पोरगा, पुढचे दोन दात पडलेले. त्याची बहीण व्हर्ना दहा वर्षांची, तीही त्याच शाळेत. लायनेलला इंग्रजी येतच नव्हतं, मग तो बोलणार तरी कुठल्या भाषेत? तो बोले आणि आत येई, पुन्हा बोले आणि पुन्हा आत येई. तो आत असला की व्हर्ना जिना पुसायचं काम मागून घ्यायची. फडकं घेऊन माझ्यापाशी बसायची आणि माझ्या खालच्या फटीतून पावाचा कडक तुकडा आत सरकवायची. मग दोघं फटीला तोंड लावून कुजबुजायची. इतक्या वर्षांत ती भाषाही माझ्यात थोडी मुरली होती.

एकदा तो म्हणाला, “मी दारावर घोडा काढलाय. पाच पायांचा.”

“घोड्याला चार पाय असतात, वेड्या.”

“उभ्या घोड्याला चार. माझा पळतोय. आजोबांचा घोडा पळताना तू बघितला नाहीस का? तेव्हा चार कुठे असतात?”

व्हर्नाला हसू आलं. तोंडावर ओलं फडकं दाबून हसली बिचारी. माझ्याजवळ बसून कुणी हसल्याची तेवढी एकच आठवण माझ्यापाशी आहे.

त्याच हिवाळ्यात लायनेल खोकायला लागला. खोकत असतानाही त्याला दोनदा आत टाकला. मग तो यायचा थांबला. शाळेच्या वहीत लिहिलं, ‘घरी पाठवला.’ घरी तो कधी पोचला नाही. व्हर्नानं विचारलं, तर म्हणाले, पळाला असेल. आईबापांनी दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं, तर उत्तर आलं की या नावाचा मुलगा आमच्याकडे नव्हताच. एका लेकराबद्दल तीन उत्तरं, आणि तिन्ही देताना कुणाची जीभ अडखळली नाही. फोटो नाही, थडगं नाही. तो पोरगा होता, याचा उरलेला एकच पुरावा माझ्या आतल्या बाजूला, खालच्या बिजागरीजवळ होता. आणि व्हर्नानं तो कधी पाहिलाच नव्हता. तिनं फक्त ऐकलं होतं.

पुढे शाळा बंद पडली, इमारत पाडली. एका शेतकऱ्यानं मला उचलून गोठ्यात आडवा टाकला आणि माझ्यावर खोगीरं ठेवली. तिथे बरा होतो. मग कुणीतरी मला एका कॅफेत नेलं आणि भिंतीला स्क्रूनं घट्ट बसवलं, आतली बाजू भिंतीकडे. बाहेरच्या बाजूवर खडूनं कॉफीचे प्रकार लिहायचे. भोपळ्याची कॉफी, दालचिनीची कॉफी, काय काय. तरुण मंडळी माझ्या कडीला हात लावून फोटो काढत आणि म्हणत, काय ऑथेंटिक पीस आहे. ती कडी कशासाठी होती, हे एकानं विचारलं असेल तर शपथ.

वीस वर्षं हे सोंग चाललं. मग एका दुपारी काठी टेकत एक म्हातारी आली. ऐंशीच्या घरातली, पांढऱ्या केसांची लांब वेणी. तिनं कॉफी मागवली आणि प्यायलीच नाही. माझ्यासमोर उभी राहिली, कडीवर बोट फिरवलं, आणि वाकून माझ्या खालच्या कडेला, पाव सरकवायच्या जागी, हात नेला. व्हर्ना. मी तिला फट शोधणाऱ्या त्या हातावरून ओळखलं, तिनं मला कडीवरून.

“मला याची मागची बाजू बघायची आहे,” ती कॅफेवाल्याला म्हणाली. तो म्हणाला, भिंतीला पक्का आहे, काढता येणार नाही.

त्या शाळांमधून जी मुलं जगून बाहेर पडली, त्यांचं एक स्मारक बांधायचं तेव्हा चाललं होतं. व्हर्ना त्या कमिटीवर होती. तिनं मंडळींच्या मागे लागून मला सोडवलं. स्मारकात एक डिजिटल खोली होणार होती. डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण त्या जिन्याखाली, दार बंद, आणि खुणेला हात लावला की त्या काळच्या कुणाचा तरी आवाज. कल्पना वाईट नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू. माझं स्कॅनिंग करायला मला भिंतीवरून काढून थेट क्युपर्टिनोच्या एका छोट्या कंपनीत पाठवलं. व्हर्नाला सांगितलं, खोली तयार झाली की तुम्हीच पहिल्यांदा बघायची. ती म्हणाली, सत्तर वर्षं थांबले, अजून दोन महिने थांबेन.

कंपनीत दोन माणसं माझ्या वाट्याला आली. गिरीश टीमलीड, पुण्याचा, कायम घाईत. आणि चारुता. मुलगी मनानं चांगली. मला उचलताना हळू उचला म्हणायची, डब्यातले पोहे खाताना माझ्यावर शिंतोडा उडू नये म्हणून लांब बसायची. तिनं माझे चारही बाजूंनी शेकडो फोटो काढले आणि पडद्यावर दुसरा मी उभा केला. हुबेहूब. एकदाचं कुणीतरी आतली बाजू बघितली, म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ भांड्यात राहिला नाही.

“आतली बाजू फारच रफ दिसतेय यार,” गिरीश म्हणाला. “गुरुवारी डेमो आहे.”

“सॉफ्टवेअर सगळे स्क्रॅचेस डॅमेज म्हणून फ्लॅग करतंय. काय करू?”

“मग डॅमेजच असणार. गोठ्यात होता, कॅफेत होता, घासला गेला असेल. ऑटो-रिपेअर मार आणि क्लीन कर.”

चारुतानं एक बटण दाबलं. पडद्यावरच्या माझ्या अंगावरून चार पिढ्यांची लेकरं एका क्षणात नाहीशी झाली. जे थोडं उरलं, ते तिनं हातानं पुसलं. बुजवाबुजवीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भाड्याची घरं सोडताना भिंतीतली खिळ्यांची भोकं टूथपेस्टनं अशी भरायची, की घरमालकाला पत्ता लागू नये. गिरीश त्यावरून तिला चिडवायचा. तेच कसब तिनं माझ्यावर चालवलं, आणि वाईट याचं वाटतं की जीव ओतून चालवलं. मूळ फोटोही जागा अडते म्हणून उडवून टाकले.

मग गिरीशला वाटलं की खोली रिकामी दिसतेय.

“खुणा तर हव्यात ना. वाचता येतील अशा नीट डिझाइन करून टाक. आणि आवाजासाठी रेकॉर्ड केलेल्या त्या व्हर्नाच्या इंटरव्ह्यूमध्ये घोड्याचं आहे बघ. जबरदस्त हुक आहे. घोडा टाक, डोळ्यांच्या लेव्हलला.”

“ती म्हणतेय, पाच पाय होते.”

“अगं, पाच पाय दाखवले तर लोक म्हणतील एआयनं घोळ घातला. स्क्रीनशॉट फिरतील. चारच ठेव.”

चारुता जरा घुटमळली. पण ठेवले तिनं चारच. काय देखणा घोडा होता म्हणता, आयाळ उडतेय, मान वळवलेली. आणि खरा घोडा त्या वेळी कुठे होता? तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मी तिच्यासमोरच उभा होतो हो. खुर्चीतून उतरून खाली वाकली असती, तरी पुरलं असतं. पण ही माणसं समोरच्या वस्तूकडे बघून झालं की पुन्हा तिच्याकडे बघत नाहीत, पडद्यावरच्या वस्तूकडे बघतात. कपाळाला हात लावावा, तर मला कपाळही नाही.

स्कॅन झालं म्हणजे माझं काम संपलं, असा सगळ्यांचा समज. उद्घाटनाला मला स्मारकाच्या लॉबीत उभा करायचा होता, म्हणून गिरीशनं मला सुमंतकाकांकडे धाडलं. काका चिप डिझाइनमधले निवृत्त इंजिनिअर, पंचेचाळीस वर्षांपूर्वी इकडे आलेले. गराजमध्ये गाडी कमी आणि सुतारकामाची हत्यारं जास्त. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी तिथेच बनतं.

“काका, जरा प्रेझेंटेबल करून द्या,” गिरीश म्हणाला.

“अरे, आरशासारखा चकाचक करून देतो,” काका म्हणाले. त्यांनी माझ्या सांध्यांवरून हात फिरवला. “कुणा कसबी माणसाचं काम आहे हे. वा.” चौदा वर्षांच्या पोराचं काम आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला. काकांनी आधी मला उभा करायला एक सुंदर लाकडी चौकट बनवली. मग बाहेरची बाजू घासून पॉलिश केली. त्यात माझं काही गेलं नाही. गुरुवारी सकाळी त्यांनी मला उलटा केला, तोंडाला मास्क, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन चढवले आणि घासकामाचं सँडर मशीन सुरू केलं. वरून.

लाकूड घासलं की दुखत नाही. मला दुखलं ते वेगळंच. नऊ दिवस मोजणाऱ्या एका मुलीच्या नऊ रेघा होत्या, त्या गेल्या. बकलानं आईचं नाव कोरणारा पोरगा होता, ते नाव गेलं. एकानं एक चौकोन काढून त्यात धूर काढला होता, म्हणजे त्याचं घर असणार, तेही गेलं. ज्या हातांनी दरवर्षी देवाचं मखर बनतं, तेच हात हे करत होते, आणि वर काका मजेत गुणगुणत होते. टेबलावर त्यांचा फोन थरथरत होता, पडद्यावर चारुताचं नाव. एकदा, दोनदा, पाचदा. काकांना ऐकू कुठून येणार? मशीन दरवेळी थोडं थोडं खाली सरकत होतं आणि मी मनात घोड्याचं अंतर मोजत होतो.

तिकडे डेमोत काय झालं, ते मला नंतर चारुतानं काकांना सांगितलं तेव्हा कळलं. तिथे मी नव्हतो, माझा गुळगुळीत तोतया होता. डेमोसाठी क्युपर्टिनोला आलेल्या व्हर्नानं हेडसेट चढवला आणि ती सरळ जमिनीवर बसली. सगळे गोंधळले. ती खाली, बिजागरीजवळ, हवेत बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, “इथे काहीच नाही.”

चारुतानं तिला वर बघायला सांगितलं. व्हर्नानं घोडा बघितला. पाय मोजले.

“हा कुणी काढला?”

“सॉफ्टवेअरनं,” चारुता म्हणाली. “तुमच्या वर्णनावरून.”

“मी पाच सांगितले होते.”

व्हर्नानं हेडसेट काढून मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही तिनं. “माझ्या भावाला त्या शाळेनं सुधारायला घेतलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही त्याचा घोडाही सुधारलात.” मग तिनं विचारलं, “खरा दरवाजा कुठे आहे?”

“रिस्टोअर करायला दिलाय,” गिरीश म्हणाला, आणि म्हणता म्हणताच चारुतानं काकांना फोन लावला.

गाडी गराजसमोर थांबली तेव्हा मशीन माझ्या मधोमध आलं होतं. चारुता धावत आली आणि तिनं भिंतीतून प्लगच ओढला. काकांनी मास्क खाली केला. “अगं, झालंच होतं. खालचा भाग तेवढा राहिलाय,” ते आनंदानं म्हणाले. मग त्यांना चारुताच्या मागून काठी टेकत येणारी व्हर्ना दिसली आणि त्यांनी कानांवरचे हेडफोनही उतरवले.

मला त्यांनी चौकटीला टेकवून उभा केला. व्हर्ना माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. त्या वयात किती त्रास झाला असेल, पण तिनं कुणाचा हात घेतला नाही. चष्मा काढून ठेवला. तो घोडा लायनेलनं अंधारात काढला होता, तिनंही बोटांनीच शोधलं. बिजागरीजवळ तिचं बोट थांबलं. एक वेडीवाकडी रेघ म्हणजे पाठ, एक फराटा म्हणजे शेपूट. मग तिनं पाय मोजले, तिच्या भाषेत, मोठ्यानं. त्या शाळेत ज्या भाषेसाठी आत टाकायचे, त्याच भाषेत. पाच भरले.

“वेड्या,” ती म्हणाली, आणि माझ्या अंगाला गाल लावून रडली. मीही रडलो असतो. पाइनच्या गाठींतून राळ गळते, पण मी फार जुना झालोय.

चारुता हुंदके देत होती. “आय ॲम सो सॉरी,” ती म्हणाली.

व्हर्नानं वळून तिच्याकडे बघितलं. बघण्यात राग होता आणि तो तिनं लपवला नाही. “माझा मला मिळाला,” ती म्हणाली. मग काठीनं माझ्या वरच्या निम्म्या अंगाकडे, त्या पांढऱ्याफटक कोऱ्या लाकडाकडे दाखवलं. “सॉरी त्यांना म्हण. त्यांच्याही बहिणी असतील कुठेतरी.”

काका स्टुलावर बसले होते. “मला कुणी सांगितलंच नाही गं,” ते पुटपुटले. पुढे स्वतःच म्हणाले, “मी विचारलंही नाही.” मग ते उठले आणि जमिनीवरचा लाकडाचा भुसा हातानं गोळा करायला लागले. झाडू घेतला नाही त्यांनी. घरातून स्टीलचा डबा आणला, काकूंचे लाडू असतात तो, सगळा भुसा त्यात भरला आणि दोन्ही हातांनी व्हर्नापुढे धरला. तिनं घेतला. आपल्याकडे डबा परत यायची वाट बघतात, पण तो डबा काकूंनीही कधी मागितला नाही.

“आता ती कडी काढा,” व्हर्ना म्हणाली. स्क्रू गंजून लाकडात रुतले होते. काकांना अर्धा तास लागला. कडी निघाली तेव्हा व्हर्नानं ती पर्समध्ये टाकली.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट गोड झाली. कसली गोड. स्मारकाच्या संचालकांनी माझ्याशेजारी लावायला पाटी तयार केली होती, ‘काळजीपूर्वक पुनरुज्जीवित.’ वाचून व्हर्ना म्हणाली, माझा आवाज तुमच्या खोलीतून काढून टाका. तेव्हा कुठे त्यांची धावपळ झाली. तिची अट एकच, काय झालं ते लिहा आणि कुणी केलं तेही लिहा.

“नावं कशाला?” गिरीश म्हणाला. “प्रोसेस एरर लिहू या ना.”

“प्रोसेसनं सँडर धरला नव्हता,” चारुता म्हणाली. “आणि बटणही प्रोसेसनं दाबलं नव्हतं. माझं नाव पहिलं टाक.”

तशी पाटी लागली आहे. वरच्या भागातल्या मुलांच्या खुणा कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हातून गेल्या, ते तीन नावांसकट लिहिलंय. तिसरं नाव गिरीशचं, तो अजूनही त्यावर धुसफुसतो. डिजिटल खोलीत चारुतानं मला पुन्हा स्कॅन करून ठेवलंय, आहे तसा. खाली खऱ्या खुणा, वर काही नाही. त्या कोऱ्या भागाला हात लावला की कसलाही आवाज येत नाही. भेट देणारे लोक तक्रार करतात की हेडसेट बिघडलाय.

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं झाली, फोटो झाले. गर्दी चहाकडे वळल्यावर व्हर्ना माझ्यापाशी आली. काकांच्या चौकटीमागे भिंतीलगत जेमतेम एका माणसाची जागा आहे. ती तिथे शिरली आणि तिनं मला आतून बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी आतून बंद केलं. आत ती लायनेलशी बोलत होती, त्यांच्या भाषेत, चांगलं मोठ्यानं. काय बोलली ते मला कळलं, पण सांगणार नाही. मग तिनं मूठ फिरवली, मला उघडलं आणि बाहेर आली.

आता मी इथे उभा आहे, दहा ते पाच, सोमवारी सुट्टी. तुम्ही याल तेव्हा हळहळू नका, मला त्याचा उपयोग नाही. हेडसेट जरा बाजूला ठेवा. खाली जमिनीवर बसा, सहा वर्षांचं पोर बसेल तितकं खाली, आणि बिजागरीजवळ हात लावा. हातानं मी झिजलो तर झिजू दे, पण मशीन घेऊन माझ्या वाटेला जाऊ नका. घोडा सापडला की पाय मोजा. पाच भरले नाहीत, तर समजा की मला पुन्हा कुणीतरी स्वच्छ केलंय.